सुराला कंप सुटतो तेव्हा

आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. मुळाक्षरांतले अ, आ, इ, ई हे 'स्वर', आणि गाण्याच्या बैठकीतले सा, रे, ग, म हेही 'स्वर'च. वैयाकरणाचा स्वर निराळा आणि गवयाचा निराळा, असे आम्ही वर्गात मुलांना सांगतो खरे. पण गळ्याला विचारले तर तो हे भांडण हसण्यावारी नेईल. षड्ज लावून त्याच उंचीवर 'आ' म्हणून पाहा, मग 'ई', मग 'ऊ'. उंची तीच, जोर तोच. तरी कानाला तीन निराळे आवाज. हे जे निराळेपण, तोच आवाजाचा रंग. त्याच्यामुळे सनईचा षड्ज सनईचा वाटतो आणि सतारीचा सतारीचा. आणि त्याच्यामुळेच जिन्यावरून नुसते 'अहो' ऐकू आले तरी कोण आले ते घरात कळते.

हा रंग येतो कोठून, हे तंबोरा मन लावून ऐकणाऱ्यास सांगावयास नको. खर्जाची तार छेडली की तिच्यातून कोणीही न छेडलेला गंधार उमटतो. सूर कधी एकटा नसतो. त्याच्या मागे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येच्या उपस्वरांचा लवाजमा चालत असतो, आणि त्या लवाजम्यात कोणाचा आवाज किती, यावर रंग ठरतो.

मग विजेच्या मंडलातून असा लवाजमा माणसाला हवा तसा उभा करता येईल काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला जी उत्तरे मिळाली, त्यांपैकी सर्वांत चमत्कारिक उत्तर गवयाच्या अगदी ओळखीच्या वस्तूतून निघाले. ती वस्तू म्हणजे कंप. कंप पुरेशा वेगाने दिला की तो कंप राहत नाही. त्याचा रंग होतो. पुढची सारी हकीकत या एका वाक्याची आहे. मी मराठी शिकवणारा माणूस. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तेव्हा समीकरणांची धास्ती वाचकांनी बाळगू नये.

पेटीहून ताठ

हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीवर मुख्य आरोप होता तो ताठपणाचा. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, सूर ठरलेले. मींड नाही, आंदोलन नाही. दोन सुरांच्या मधली जी जागा, जेथे आपले संगीत खरे वस्तीला असते, तेथे तिला पाऊल टाकता येत नाही.

विजेचा ऑसिलेटर हा मुळात पेटीहूनही ताठ. त्याचे काम समजावयाचे तर पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. नळ सोडला, टाकी भरू लागली. ठरावीक रेघेपर्यंत पाणी आले की झडप उघडून ती रिकामी होते आणि पुन्हा भरू लागते. पाण्याच्या जागी वीज आणि टाकीच्या जागी कपॅसिटर घातला की झाला ऑसिलेटर. सेकंदात ही भरती-ओहोटी ४४० वेळा झाली तर ध्वनिक्षेपकातून ४४० कंपनांचा सूर निघतो. तो निघतच राहतो. त्याला श्वास नाही, थकवा नाही, हेलकावा नाही. दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला कंटाळा येतो.

या टाकीच्या नळाला हात न लावता तो विजेच्या दाबानेच कमीजास्त उघडावा, ही कल्पना १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी वाद्यात पद्धतशीरपणे आणली. (आपल्याकडे हे नाव सर्रास 'मूग' असे लिहितात, पण हा गृहस्थ मूग गिळून बसणारा नव्हता.) तारुण्यापासून ते थेरेमिन नावाचे, हात न लावता वाजणारे वाद्य बनवून विकत. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या गावी हर्बर्ट डॉइश या संगीतकाराच्या संगतीत त्यांनी आपला सिंथेसायझर उभा केला. त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमधल्या रॅमन सेंडर आणि मॉर्टन सुबॉटनिक यांच्यासाठी डॉन बुकला हा कारागीर स्वतंत्रपणे असेच यंत्र जुळवीत होता. मोग यांनी आपल्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या दिल्या. बुकलाने त्या नाकारून नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या पत्र्या बसवल्या. बुकलाच्या यंत्रावर सुबॉटनिकने रचलेली 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' ही रचना १९६७ साली ध्वनिमुद्रिकेवर आली.

हे यंत्र आपल्या देशातही लवकर पोचले. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाने मोगचा सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग करून फिती भरल्या. गीताबेन म्हणजे १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत शिकवणाऱ्या बाई. त्या फिती पुढे कित्येक दशके तशाच पडून होत्या. त्यांचा शोध २०१७ साली लागला आणि लोकांना त्या ऐकावयास मिळाल्या.

पंख्याची पाती

नळ जर विजेनेच उघडतो, तर ती वीज दुसऱ्या ऑसिलेटरची का नसावी? एका ऑसिलेटरने सूर काढावा आणि दुसऱ्याने त्याच्या नळाशी चाळा करावा. याला इंग्रजीत फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन म्हणतात, म्हणजे रेडिओच्या तोंडी असलेले एफ.एम. मराठी परिभाषेत 'कंप्रता विरूपण' असा भारदस्त शब्द आहे. त्यातल्या 'विरूपण' या शब्दाने रूप बिघडवल्याचा भास होतो. येथे तर उलट सुराला रूप येते.

पहिला ऑसिलेटर ४४० वर धरा. दुसरा सेकंदाला पाच-सहा वेळा हलवा. सूर किंचित वरखाली झुलू लागेल. युरोपातल्या ऑपेरा गाणाऱ्या बाईच्या आवाजात असतो तसा. वेग दहावर न्या, झुलण्याची थरथर होईल. वीस-पंचवीसवर गेलात की कान हेलकावे मोजू शकत नाही. त्याला नुसती घरघर ऐकू येते. आणि शंभराच्या पुढे गेलात की घरघरही जाते. सूर पुन्हा स्थिर झाल्यासारखा वाटतो. पण तो आता पहिला सूर नव्हे. त्याला काही निराळाच रंग चढलेला असतो. छताचा पंखा हळू फिरत असता पाती दिसतात. वेग वाढला की पाती नाहीशी होऊन एक करडी चकती दिसते. पाती कोठे गेलेली नसतात, डोळ्याने मोजणे सोडलेले असते. कानाचेही तसेच.

कान मोजणे सोडतो, तेव्हा त्याला काय ऐकू येते? नवे सूर. ४४० चा सूर सेकंदाला १०० वेळा हलवला तर त्याच्या दोन्ही अंगांना शंभराशंभराच्या अंतरावर पाहुणे येऊन बसतात : वर ५४०, ६४०, ७४०, खाली ३४०, २४०, १४०. झोका लहान असेल तर जवळचे एकदोनच. झोका मोठा केला की लांबलांबचे जागे होतात. कोणता पाहुणा किती मोठ्याने बोलेल याचे गणित फ्रीडरिश बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकात ग्रहांच्या गतीच्या हिशेबासाठी मांडून ठेवले होते. ग्रहांसाठी केलेले गणित सुरांच्या कामी आले!

रेडिओच्या लोकांना हे सारे ठाऊक होते. जॉन कार्सनने १९२२ साली त्याचे गणित लिहिले होते. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ साली एफ.एम. प्रक्षेपणाची पेटंटे मिळवली. आपल्याकडे आकाशवाणीने १९७७ साली मद्रासला पहिले एफ.एम. केंद्र सुरू केले. पण रेडिओची लहर सेकंदाला दहा कोटींच्या घरात कंप पावते. ते पाहुणे कोणाच्या कानाला ऐकू येणार? दोन्ही लहरी कानाच्या टप्प्यात आणल्या की मात्र हेच गणित गाऊ लागते.

व्होल्टाचे त्रैराशिक

इतके सोपे होते तर मोग आणि बुकला यांच्या यंत्रांतून त्याच वेळी सारा वाद्यवृंद का बाहेर पडला नाही? याचे उत्तर एका सोयीत आहे. सोय पुढे गैरसोय कशी होते, त्याचा हा नमुना.

मोग यांनी नियम घालून दिला, की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जावा. नियम कानाला धरून आहे. मध्य षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तार षड्ज ४८० आणि त्याच्या वरचा ९६०. पहिले अंतर २४० चे, दुसरे ४८० चे. पण कानाला दोन्ही पायऱ्या सारख्याच वाटतात. कान बेरीज करीत नाही, गुणाकार करतो. ट्रान्झिस्टरही सुदैवाने असाच गुणाकार करणारा आहे. खोलीतल्या तापमानाला त्याच्यावरचा दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दुप्पट होतो. पट्ट्यांवर गत वाजवावयास ही व्यवस्था उत्तम.

आता या व्यवस्थेत कंप घाला. ४४० चा सूर एक व्होल्ट वर आणि एक व्होल्ट खाली हलवला. वर गेला तो ८८० वर, खाली आला तो २२० वर. म्हणजे वरचा झोका ४४० चा आणि खालचा केवळ २२० चा! अर्धा वेळ तेथे आणि अर्धा वेळ येथे काढला तर सरासरी होते ५५०. कंपाचा जोर वाढवावा तसा मूळ सूरच वर चढत जातो. गवयाने गमक घ्यावी आणि तंबोऱ्याचा षड्ज सरकावा, असा प्रकार. थाळीचा खणखणाट, वाऱ्याचा घोंगाट असले आवाज काढावयास हे चालते. सुरात गत वाजवावयाची तर निरुपयोगी.

यावर तोड निघाली. कंप त्या गुणाकाराच्या आधी न घालता नंतर घालावयाचा, म्हणजे सरळ बेरीज-वजाबाकी होते. ४४० अधिक २००, ४४० उणे २००. सरासरी ४४० ची ४४०. रंग बदलतो, सूर जागचा हलत नाही. पहिल्या प्रकाराला घातांकी एफ.एम. म्हणतात, दुसऱ्याला रेषीय. बुकलाच्या '२५९' या जोडऑसिलेटरात तर एका सुराने दुसऱ्याला हलवावयाची सोय एकाच पेटीत करून दिलेली होती.

पण झोका ६०० चा झाला तर? ४४० उणे ६०० म्हणजे उणे १६०. उणे कंपने म्हणजे काय? साधा ऑसिलेटर शून्यावर येऊन मुकाट उभा राहतो. गणित मात्र म्हणते, थांबू नको, उलटा फीर. टाकी भरत असेल तर तेथूनच ती रिकामी होऊ लागली पाहिजे, चित्रपटाची फीत मागे फिरवावी तशी. असे शून्य ओलांडणारे ऑसिलेटर पुढे कारागिरांनी बनवले आणि आज ते विकतही मिळतात. पण त्यांना सूर सांभाळावयास लावणे नाजूक काम आहे.

आणि सर्वांच्या वर उष्णतेचा शाप. तो गुणाकार करणारा ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे आपले माप बदलतो. एका अंशाला साधारण तीनशेत एक इतके. दिवे लागले, खोली तापली, की सूर सरकला. दोन ऑसिलेटर तर दोन सवतींसारखे. एक जेथे सरकेल तेथे दुसरा सरकेलच असे नाही. ज्या रंगासाठी दोघांचे प्रमाण काटेकोर हवे, तो रंग मिनिटामिनिटाला गढूळ होतो.

दोनशे आणि दोनशे ऐंशी

ही कोंडी फोडली ती एका ढोल वाजवणाऱ्याने. जॉन चाउनिंग हा मूळचा तालवाद्यांचा माणूस. नौदलात वाजवून, पॅरिसला नादिया बुलांजे या प्रख्यात गुरुबाईंकडे शिकून तो १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आला. संगणकाकडून संगीत करवून घेण्याविषयी बेल लॅबोरेटरीच्या मॅक्स मॅथ्यूज यांचा लेख त्याच्या वाचनात आला. त्यांना भेटून त्याने भोके पाडलेल्या कार्डांची एक पेटी आणली. ती चालवावयास शिकवले कोणी, तर विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ट्यूबा वाजवणाऱ्या डेव्हिड पूल या विद्यार्थ्याने.

संगणकातला ऑसिलेटर हा नुसता आकड्यांचा. त्याला ऊन लागत नाही, शून्याची भीती नाही. उणे आकडा आला तर तो बिनतक्रार उलटा फिरतो. १९६७ साली चाउनिंग कंपाचा वेग वाढवीत गेला आणि कान टवकारून ऐकू लागला. वेग दुप्पट केला, झोका दुप्पट केला. प्रत्येक वेळी नवा रंग, आणि तोही हिशेबाला धरून. गणिताची खोल तयारी त्याच्यापाशी नव्हती. त्याचा कान त्याला तेथवर घेऊन गेला, कारण कळले ते मागाहून.

प्रमाणाची किमया पाहा. २०० चा सूर २०० नेच हलवला तर पाहुणे येतात ४००, ६००, ८०० वर; म्हणजे तंबोऱ्याचाच लवाजमा. २०० चा सूर ४०० ने हलवला तर शून्याखाली गेलेले सूर आरशातल्यासारखे उलटून वर येतात आणि उरतात २००, ६००, १०००, म्हणजे एकपट, तिप्पट, पाचपट. हा झाला क्लॅरिओनेटच्या जातीचा रंग. आता ४०० चे २८० करा. पाहुणे ४८०, ७६०, १०४०, ८०, ३६०. कोणाचेच कोणाशी सरळ नाते नाही. आणि कानावर येते काय? घंटा! देवळात मारलेल्या टोल्यासारखी, दहा-पंधरा सेकंद घुमत विरत जाणारी. चाउनिंगच्या निबंधातल्या घंटेचे हेच आकडे आहेत, २०० आणि २८०. दोन ऑसिलेटर, एक प्रमाण आणि हळूहळू उतरत जाणारा झोका, बस्स. एरवी असा नाद जुळवावयाचा तर प्रत्येक उपस्वराला स्वतंत्र ऑसिलेटर लागला असता.

तो निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्राध्यापक मंडळींनी पुढचे वाक्य सावकाश वाचावे. त्याच सुमारास स्टॅनफर्डने चाउनिंगला नोकरीत कायम करावयाचे नाकारले. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांनीही त्याच्या कल्पनेला पाठ दाखवली. हा पाण्याच्या भावात मिळणारा नाद त्यांच्या गळी उतरला नाही. तो उतरला जपानच्या यामाहा कंपनीचा तरुण इंजिनिअर कझुकियो इशिमुरा याच्या. दहा मिनिटांत त्याला सारे उमगले, असे चाउनिंग सांगतात. हाच इशिमुरा पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला. विद्यापीठाशी १९७५ साली करार झाला, पेटंट १९७७ साली मिळाले, आणि १९८३ साली 'डीएक्स-७' हे वाद्य बाजारात आले. दीड लाखाहून अधिक नग खपले. त्या दशकातल्या जगभरच्या गाण्यांत त्याचा घंटेसारखा पियानो किणकिणत राहिला. काटेकोर बोलावयाचे तर यामाहाने कंपनसंख्या न हलवता लहरीची कला हलवली, चंद्राच्या कलेतली जी कला तीच. पण दोन्हींचे गणित सख्ख्या भावंडांचे. पेटंटाने विद्यापीठाला दोन कोटी डॉलरांहून अधिक मिळवून दिले. ज्याला कायम केले नव्हते त्याला परत बोलावून विद्यापीठाने त्याच्याच हाती आपले संगणक-संगीताचे केंद्र सोपवले.

आवाजात माणूस येतो तेव्हा

जुने ऑसिलेटर यामुळे अडगळीत जावयास हवे होते. काही काळ गेलेही. पण तीसएक वर्षांपासून वादक पुन्हा त्यांच्याकडे वळले आहेत. आकड्यांचा सूर चुकत नाही, हीच त्यांची तक्रार. ट्रान्झिस्टर तापतो, सूर कणभर सरकतो, दुसरा त्याला गाठू पाहतो, आणि त्या धरपकडीत आवाजाला ऊब येते. आता तर संगणकातल्या वाद्यांतही ही चूक मुद्दाम घालतात! कारागिरांनी दहा वर्षे खपून जो दोष काढला, तो आता पैसे मोजून परत विकत घ्यावयाचा.

हे वेड आहे की शहाणपण, याचा निवाडा चाउनिंगच्याच आणखी एका प्रयोगात मिळतो. पॅरिसच्या इर्काम या संस्थेत काम करीत असता त्याने गाणाऱ्या स्त्रीचा आवाज संगणकातून उभा केला. 'फोने' ही त्याची १९८१ ची रचना त्यातूनच निघाली. प्रयोग तीन पायऱ्यांचा. प्रथम नुसता मूळ सूर, शिट्टीसारखा, निर्जीव. मग त्यावर सारे उपस्वर, मोजूनमापून, खऱ्या गळ्यात असतात तितक्याच जोराचे. तरीही गळा ऐकू येत नाही. अनेक सूर एकावर एक रचल्याचा भास होतो. तिसऱ्या पायरीला त्या सर्व सुरांना एकच बारीकसा कंप दिला, तोही अगदी नियमित नाही, किंचित अडखळणारा. त्या क्षणी ते विखुरलेले सूर एकमेकांना बिलगतात आणि एक बाई गाऊ लागते.

रंगाचा लवाजमा आधीच हजर होता. सारे एकाच लयीत हलले तेव्हा कानाने ओळखले की हे सारे एकाच छातीतून निघाले आहे. आपल्या गवयांनी पेटीला दूर ठेवताना 'तिच्यात जीव नाही' असे म्हटले, ते पुष्कळांना सोवळेपणाचे वाटले होते. त्यातला वादाचा भाग सोडून देऊ. पेटीने आपल्या बैठकीत मानाची जागा केव्हाच मिळवली आहे. पण जीव म्हणजे काय, हे त्यांच्या कानाला नेमके कळले होते. स्थिर सूर ही कारागिरी आहे. तो गाऊ लागतो, तो त्याला कंप सुटतो तेव्हा.